दातानं ऐकलेली गाडी

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला जामसांवलीहून परत येताना, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला जो घोर लागला तो ताईला घरी आणेपर्यंत काही सुटला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजची सहामाही परीक्षा देऊन पांढुर्ण्याला घरी बसले होते. बसले होते म्हणजे दिवसभर घिरट्या घालत होते, कारण एका जागी बसणं माझ्या रक्तातच नाही. बाबा शनिवारी-मंगळवारी मारुतीच्या दर्शनाच्या भाड्याच्या सवाऱ्या घेऊन जामसांवलीला जायचे. आम्ही विहारात जाणारी माणसं, मारुतीशी आमचं नातं सवारीपुरतं. मी त्या शनिवारी सोबत गेले ते वेगळ्या कामासाठी. सवाऱ्या दर्शनाच्या लायनीत लागल्या की पुढे सौंसरला जाऊन ताईला लाडू देऊन यायचं, असं मायनं सांगितलं होतं.

गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी होती. काळी, विलायती, गोल पाठीची. बाबा ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते तिथल्या मालकाची. मालकाकडे नवी गाडी आली तशी ही रुईच्या गोदामामागे पडली आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. जिनिंग बंद पडली तेव्हा मालक बाबांना म्हणाले, चालू करून दाखव, तुझी. बाबांनी एका उन्हाळ्यात ती चालू केली. तेव्हापासून त्या गाडीला कोणी काही बोललं की बाबांना स्वतःला बोलल्यासारखं लागायचं.

तर परत येताना मागे तीन बाया आणि एक म्हातारे गृहस्थ, प्रसादाचं खोबरं खात बसलेले. आधी मला वाटलं, बायांपैकीच कोणी गुणगुणतंय. मग लक्षात आलं, गुणगुणणं गाडीच्या वेगाबरोबर चढतंय आणि उतरतंय. घूंऽऽ असं, आणि त्याच्या पोटात मधूनच गुर्र, गुर्र, गुर्र. जात्यात खडा यावा तसं.

“बाबा, आवाज येऊन राहिला.”

“कायचा?”

“गाडीचा.”

“गाडीले आवाज येणारच ना बाई. गाडी हाये ते, पाळणा नाही.”

मी मागे वळून त्या बायांना विचारलं. एक म्हणाली, हाव, येते तं काहीतरी. दुसरी म्हणाली, मारुतीराया पाहून घेईन. बाबा समोर बघून गाडी चालवत राहिले. माझं डोकं तिथेच फिरलं.

आता ताईचं सांगते, म्हणजे डोकं का फिरलं ते कळेल. ताई सौंसरला दिलेली. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे न बोलता ठरलेलं असतं. पण हे खरं तर पहिलं नव्हतं. आधीच्या खेपेला बाबा तिला आणायला गेले ते बसनं. रस्ता असा की बसमधला माणूस सीटवर कमी आणि हवेत जास्त. घरी पोचली आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. नर्सबाई आल्या. त्यांनी बाळाचे ठोके ऐकायचं त्यांचं लाकडी नळकांडं ताईच्या पोटावर ठेवलं, कान लावला, जागा बदलली, परत लावला, परत बदलली. बाबा दारात उभे होते. नर्सबाई काहीच बोलेनात आणि नळकांडं नुसतं इकडून तिकडे फिरत राहिलं. बाळ गेलं. डॉक्टरांनी पुढे सांगितलं की बसचा काही संबंध नाही, असं होतं कधीकधी. पण बाबांच्या मनात बस बसली ती बसलीच. पुढच्या वेळी लेकीला माझ्या गाडीत आणीन, नाही तर आणणार नाही, असं ते ताईच्या सासूसमोर बोलून बसले.

सासू ते शब्द विसरणारी नव्हती. त्या शनिवारी लाडूचा डबा हातात घेताना तिनं बाबांना स्पष्ट सांगितलं, “पुढल्या आठवड्यात आमच्याकडची ओटी हाये. ओटी झाली का दुसऱ्या दिवशी गाडी आणा अन् लेक न्या. बसनं मी सोडत नाही. अन् आठवा लागला का हलवाचं नाही, मंग राहू द्या इथंच.” ताई तिच्या मागे उभी होती. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिला मायजवळच यायचं होतं, हे सांगायला तिला तोंड उघडावं लागलं नाही.

म्हणजे सातव्यातले उरलेले दिवस, ती म्हातारी गाडी आणि तिच्या पोटातली गुरगुर. ह्या तीन गोष्टी माझ्या डोक्यात फिरायला लागल्या आणि थांबेनात. पिठाच्या गिरणीत गेले तर तिथे मला घूं ऐकू यायचं. शेजाऱ्यांच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली की मी उठून उभी. दुपारी सगळे लवंडले की मी अंगणात जाऊन गाडीभोवती फेऱ्या मारायची, टायरला लाथ मारायची, वाकून खाली पाहायची. खाली पाहून मला काय कळणार होतं, कपाळ! तेलाचा एक थेंब जमिनीवर नाही. तेवढं मात्र बाबा छाती फुगवून सांगायचे. माझी गाडी गळत नाही.

माय दोन दिवस माझ्या फेऱ्या पाहत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अजी, पोट्टी येडी होईल. एक बार मिस्त्रीले दाखवा ना.”

रेल्वे फाटकाजवळ एक मिस्त्री होता. त्या दिवसांत संत्र्याचा सीझन असल्यामुळे त्याच्या दारात ट्रकांची रांग लागलेली. बाबा गेले ते मला खोटं पाडायलाच गेले. मिस्त्रीनं स्वतः गाडी चालवली, बाबा त्याच्या शेजारी, मी मागे. स्टेशनपासून बाजारापर्यंत जाऊन आलो. मिस्त्री उतरला, हात पुसले आणि म्हणाला, “गेअरबॉक्स हाये. खोला लागते. ह्या गाडीचा पार्ट तं नागपूरलेच पाहा लागन, भेटला तं भेटला. अन् सध्या माह्याकडे ट्रकच ट्रक. महिना धरून चाला.”

महिना! मी तिथेच कपाळावर हात मारला. बाबा मात्र मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत मान हलवत होते. घरी आल्यावर मायला म्हणाले, “त्याले काम पाहिजे, म्हणून सांगून राहिला. माह्या गाडीत कायचाच आवाज नाही. ओटीच्या दुसऱ्या दिवशी मी जाऊन आणतो पोरीले.”

मग माझा ताबा सुटला. मी ओरडले, “तुम्हाले ऐकू येत नाही, बाबा! आवाज गाडीत हाये, तुमच्या कानात नाही!”

माय भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. बाबांचे कान गेले होते हे आम्हा तिघींनाही माहीत होतं, ताईला लग्नाआधीपासून माहीत होतं. सगळा जन्म जिनांच्या, म्हणजे सरकी काढायच्या मशिनींच्या, ओळीत उभं राहून काढलेला, दोन्हीकडून घडघड घडघड. माणूस जवळ येऊन मोठ्यानं बोललं आणि तोंड दिसलं तर त्यांना कळायचं. बाकी सगळं ते मान हलवून निभावून न्यायचे. ज्या माणसाला सगळी जिनिंग म्हणायची की ह्याला बोलवा, हा ऐकून सांगतो कुठल्या मशिनीचं काय बिघडलं, त्याला हे कोणी कसं म्हणावं? म्हणून आम्ही म्हणतच नव्हतो. आता मी म्हटलं होतं, आणि तेही ओरडून.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चप्पल पायात घातली आणि बाहेर निघून गेले. माय म्हणाली, “जीभ हाये का कोयता?” आणि भाकरी तव्यावर टाकली. मला रडू आलं, रागही आला, पण सगळ्यात जास्त भीती वाटली. ताई त्या मागच्या सीटवर बसली आहे आणि जाम नदीच्या पुलाअलीकडे कुठेतरी गाडीची मागची चाकं अडकली आहेत, असं मला जेवतानासुद्धा दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणातून म्हणाले, “चाल.”

“कुठं?”

“बस गाडीत. तुहे कान घेऊन चाल.”

आम्ही सावरगावच्या बाजूला निघालो. रस्ता नदीकडे उतरतो तिथे बाबांची एक सवय होती. पेट्रोल वाचवायला ते गाडी गेअरमधून काढायचे आणि तशीच सोडून द्यायचे. त्या दिवशी त्यांनी ते पुन्हा पुन्हा केलं. वर जायचं, वळवायचं, उतारावर सोडायचं. आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे तोंड करून विचारायचे. रस्त्यावर कमी बघत होते आणि माझ्या ओठांकडे जास्त. मी म्हटलं, बाबा, समोर पाहा, नाहीतर आवाज शोधण्याआधी आपण नदीत जाऊ.

“क्लच दाबला. आता?”

“येते.”

“गेअर काढला. आता?”

“येते अजून.”

मग त्यांनी चावीच फिरवली आणि इंजिन बंद केलं. गाडी उतारावर नुसत्या वजनानं चालली होती. वारा, टायरची खरखर आणि त्याखाली तीच घूं, तीच गुर्र.

“येते, बाबा! इंजिन बंद हाये तरी येते!”

बाबांनी ब्रेक लावला. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला. “मंग इंजिन नाही,” ते म्हणाले. “गेअरचे दातेही नाही. चाक फिरते तवाच येते. गेअरबॉक्सच्या शेपटापासून मागच्या चाकापर्यंत कुठंतरी हाये.” आणि मग माझ्या ओठांकडे बघत, “कवापासून येते?”

“शनिवारपासून. मले ऐकू आलं तवापासून.”

“मले नाही आलं,” ते म्हणाले. एवढंच. पण त्यांनी ते स्वतः म्हटलं.

घरी येऊन त्यांनी कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि तिच्यातून एक सागाची काडी बाहेर आली. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड, हाताळून गुळगुळीत झालेली. एका टोकाला खोल खोल खुणा होत्या. मी विचारलं, हे काय उंदरानं खाल्लं? तर म्हणे, माझे दात आहेत ते.

जिनिंगमध्ये मशिनी चालू असल्या की शेजारच्याचं बोंबललेलंही ऐकू जात नाही. मग कुठली बेअरिंग घासते आहे हे कळावं कसं? तर काडीचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं आणि दुसरं दातात धरायचं. आवाज कानातून येत नाही, दातातून सरळ डोक्यात चढतो. तिथले जुने फिटर सगळे असंच करायचे. कान गेलेल्यालाही जमायचं. बाबांनी कान गेल्यानंतर कितीतरी वर्षं ह्याच काडीवर काढली होती आणि आम्हाला कधी कळलंही नव्हतं. पण मागच्या वर्षी तंबाखूच्या खर्ऱ्यानं उरलेसुरले दातही नेले आणि नागपूरची कवळी आली.

त्यांनी सुरू असलेल्या गाडीच्या बॉनेटवर काडी टेकवली, तोंडात धरली. कवळी खडखडली. परत धरली, परत खडखड. त्यांनी काडी बाहेर काढली, कवळी नीट बसवली आणि म्हणाले, “ह्या दातात काही चढत नाही. मेलेले दात हायेत हे.” मग काडी शर्टाला पुसली आणि माझ्यापुढे धरली.

“म्या?” मी म्हटलं. “तुमची उष्टी काडी?”

“तुहे दात कोणाचे हायेत?”

मी ती काडी नळाखाली धुतली, दोनदा, त्यांच्या देखत.

मागची चाकं अधांतरी राहतील अशी गाडी ठोकळ्यांवर उचलली, पुढच्या चाकांना दगड लावले. आता गाडी गेअरमध्ये टाकून चालू ठेवायला कोणीतरी पाहिजे होतं, आणि घरात आम्ही तिघंच. माय म्हणाली, मी नाही बसणार त्या जागेवर, बाप्पा. मग बसली. पदर खोचून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, जणू गाडी आता छपरावरून उडणार आहे. बाबांनी गेअर टाकून दिला, तिचा पाय पेडलवर ठेवला आणि सांगितलं, मी गाडीवर थाप मारली की पाय सोड, चावी फिरव. शेजारच्या बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, “काय वो, नागपूरले चालली का?” माय म्हणाली, “मुंबईले.”

मी बारदान्यावर उताणी पडून गाडीखाली सरकले. बाबा शेजारी पोटावर पडले. वर चाकं गरगर फिरत होती आणि गेअरबॉक्सपासून मागे जाणारी लांब दांडी माझ्या नाकावरून फिरत होती. मी काडी दातात धरली आणि मग लक्षात आलं की काडी दातात असताना बोलता येत नाही. बोलले असते तरी बाबांना त्या आवाजात काय कळणार होतं! बाबांनी हात पुढे केला, तळवा वर.

“बोटानं सांग,” ते ओरडले. “जसं वाटते तसं.”

पहिलं टोक गेअरबॉक्सच्या शेपटाला. दातात एक बारीक थरथर आली, एकसारखी, गरम पाण्यात हात घातल्यासारखी. मी बाबांच्या तळव्यावर बोट सरळ ओढलं. त्यांनी मान हलवली. मग डाव्या चाकाशी. सरळ. उजव्या चाकाशी. सरळ. प्रत्येक वेळी ते डोळे मिटून घ्यायचे आणि तळवा माझ्या बोटाखाली अगदी निश्चल धरायचे.

मग दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, जिथे दांडी येऊन आत शिरते. काडी टेकवली मात्र, माझी कवटी हादरली. गुर्र, गुर्र, टक, गुर्र. दातातून डोळ्यांपर्यंत. मी काडी सोडली नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. बाबांच्या तळव्यावर मी ते सगळं वाजवलं, गुर्र म्हणजे चार बोटं घासून आणि टक म्हणजे नखानं. त्यांनी तळवा मिटला. मग म्हणाले, “बेअरिंग. दांडीच्या तोंडाची बेअरिंग.” आवाज आनंदाचा होता. त्यांना ऐकू आलं होतं ना!

त्यांनी गाडीवर थाप मारली. मायनं पाय सोडून चावी फिरवली, चाकं थांबली. बाबा सरकून आत आले आणि पेचकसानं त्या जागेवरची धूळ खरवडायला लागले. धूळ कसली, काळी वडी होती, हाताच्या मुठीएवढी. ती निघाली आणि तिच्या आतून कापूस निघाला. काळाकुट्ट, तेलानं ओला झालेला कापूस.

बाबांचा हात थांबला.

मी काडी तोंडातून काढली. “हा इथं कसा आला?”

त्यांनी गोळ्याच्या वरचं बूच पान्यानं फिरवलं, बोट आत घातलं आणि बाहेर काढलं. बोट कोरडं होतं.

झालं होतं असं. पावसाळ्याच्या आधी त्या तोंडाशी तेल गळत होतं. बाबांनी जिनिंगमध्ये जन्मभर जे केलं तेच इथेही केलं. तिथे बेअरिंगच्या तोंडाशी तेलात बुडवलेली रुई ठासून भरायची पद्धत होती. गळणंही थांबतं आणि बेअरिंगला तेलही मिळत राहतं. पण तिथे फिटर रोज तेलाची कुप्पी घेऊन फिरतो. इथे कोण फिरणार? रुईनं वातीसारखं आतलं तेल ओढलं, बाहेर आणलं, रस्त्याच्या धुळीनं ते पिऊन टाकलं. जमिनीवर एक थेंब पडला नाही. बाबा म्हणत राहिले, माझी गाडी गळत नाही, आणि आतला गोळा कोरडा होत गेला. आमच्या कापसाच्या मुलखाबाहेर हे कोणी केलं नसतं.

“म्याच भरली हे,” बाबा म्हणाले. “माह्या हातानं.”

वरून माय ओरडली, “अजी, उतरू का वो आता? पाय आखडला माहा.”

बाबा त्या बोटाकडे बघत होते. मग मला म्हणाले, आणि हे मला आजही तसंच ऐकू येतं, “पोरीले ह्याच्यात बसवून आणणार होतो मी.” त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्या क्षणी माझाच राग आला, की मी हा आवाज ऐकलाच कशाला. मी त्यांचा खांदा धरून म्हटलं, आणलं नाही ना अजून. उठा.

पुढचे दिवस पळापळीचे. गेअरबॉक्स नाही हे मिस्त्रीला पटायला वेळ लागला, पण पटल्यावर त्यानं ट्रक बाजूला ठेवले आणि स्वतः येऊन गोळा खोलला. बेअरिंगवर डाग पडले होते. मापाची दुसरी नागपूरहून संत्र्याच्या ट्रकवाल्यानं आणून दिली, ती येईपर्यंत मी फाटकाशी इतक्या चकरा मारल्या की फाटकवाला मला ओळखायला लागला. तोंडाशी बसवायला चामड्याची गोल चकती चांभारानं कापून दिली, बाबांनी ती तेलात मुरवली. कापूस त्या गाडीजवळ पुन्हा दिसला नाही. सौंसरला ओटी झाल्याचा निरोप आला त्या संध्याकाळी गाडी परत ठोकळ्यांवर चढली, माय परत वर बसली आणि मी काडी गोळ्याला टेकवली. बारीक, एकसारखी थरथर. मी बाबांच्या तळव्यावर बोट सरळ ओढलं. त्यांनी तळवा काढला नाही. “आणखी एक बार,” म्हणाले. मी परत ओढलं.

दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन निघालो. सासूनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि काही बोलली नाही, हे तिच्याकडून पुष्कळ झालं. ताई मागच्या सीटवर उशा लावून. मी पुढे, काडीचं एक टोक पायाखालच्या पत्र्यावर आणि दुसरं दातात.

“हे काय?” ताई हसायला लागली. “दातून करून राहिली का रस्त्यानं?”

मला उत्तर देता येत नव्हतं, म्हणून मी तिला नुसता गुद्दा दाखवला. बाबा बैलगाडीला लाज वाटेल इतक्या हळू चालवत होते. कापसाच्या गाड्या आम्हाला ओलांडून गेल्या. थोड्या थोड्या वेळानं बाबा डावा हात माझ्याकडे करायचे आणि मी त्यावर बोट सरळ ओढायची. जामसांवलीच्या पुढे एक खराब तुकडा लागला. ताईनं पोट धरलं. बाबांनी आरशात ते पाहिलं आणि गाडी तिथल्या तिथे उभी केली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“दुखते का?”

“नाही बाबा. लाथ मारली त्यानं.”

बाबांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, तिनं परत सांगितलं, तेव्हा गाडी सुरू केली. पण उरलेल्या रस्त्यात त्यांनी माझ्याकडे हात केला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि डोळे आरशात.

घरी पोचलो, मायनं ताईवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला खाटेवर निजवलं आणि नर्सबाईंना बोलावणं धाडलं. त्या आल्या, तसे बाबा उठून बाहेर गेले. नर्सबाईंच्या पिशवीतून ते लाकडी नळकांडं निघण्याआधीच ते ओट्याच्या पायरीवर, घराकडे पाठ करून बसले होते. आत काय चाललं आहे ते त्यांना ऐकू येणार नव्हतं आणि त्यांना बघायचंही नव्हतं.

नर्सबाईंनी नळकांडं ताईच्या पोटावर ठेवलं. कान लावला. माय भिंतीला टेकून उभी होती. नर्सबाईंनी जागा बदलली नाही. तशाच वाकून राहिल्या, आणि मग हसल्या. मला म्हणाल्या, ये, तूही ऐक.

मी कान लावला. मग मी पळत बाहेर गेले.

बाबांनी मान वळवली नाही. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, त्यांचा हात ओढून मांडीवर घेतला, तळवा उघडला आणि एका बोटानं वाजवायला लागले. टकटक, टकटक, टकटक, टकटक. त्यांनी आधी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, गाडीखाली मिटायचे तसे, आणि तळवा निश्चल धरला.

“इतकं फास्ट?” ते घाबरून म्हणाले. “काही घासून तं नाही राहिलं?”

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, “नाही बाबा. असंच असते ते. नर्सबाई म्हणे, एकदम बरोबर हाये.”

माझं बोट थांबलं होतं. बाबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी तळवा माझ्या बोटाखाली आणखी पुढे सरकवला.

“थांबू नको,” ते म्हणाले. “चालू दे.”